गिरींद्रशेखर बोस : मनाच्या दवाखान्याचा पहिला दरवाजा

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्या सहवासात दिवस घालवणाऱ्या माणसाने मानसशास्त्रावर लिहावे हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. पण मला हा विषय सापडला तो आमच्याच वाटेवर. नोकरभरतीच्या वेळी उमेदवारांच्या कल-चाचण्या घेतात, हे व्यवस्थापनाच्या पेपरला आम्हाला असते. या चाचण्या आपल्या देशात कोठून आल्या, हे पाहता पाहता कलकत्ता विद्यापीठात १९३८ साली उघडलेल्या उपयोजित मानसशास्त्राच्या विभागापाशी मी येऊन पोहोचलो. त्या विभागामागे जो माणूस होता त्याच्याविषयी वाचू लागलो आणि चाचण्या बाजूलाच राहिल्या. त्या माणसाचे नाव डॉ. गिरींद्रशेखर बोस. आपल्याकडे बोस म्हटले की नेताजी सुभाषचंद्र आठवतात, नाहीतर जगदीशचंद्र किंवा सत्येंद्रनाथ. या चौथ्या बोसांना आपण जवळजवळ विसरलो आहोत.

गिरींद्रशेखरांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. वडील चंद्रशेखर हे दरभंगा संस्थानाचे दिवाण. घरात मुले पुष्कळ आणि गिरींद्रशेखर हे भावंडांत धाकटे. त्यांचे एक थोरले बंधू राजशेखर यांचे नाव बंगालात आजही घरोघर आहे. ‘परशुराम’ या टोपणनावाने त्यांनी विनोदी कथा लिहिल्या, बंगाली भाषेचा ‘चलन्तिका’ हा सुटसुटीत कोश तयार केला, आणि हे सारे बेंगॉल केमिकल या कारखान्याचा कारभार सांभाळून! आमच्या शाखेतील मुलांनी राजशेखरांवर एक वेगळाच लेख लिहायला हरकत नाही. येथे त्यांचे नाव अशासाठी घेतले की, धाकट्या भावाच्या कार्यात हा थोरला भाऊ पुढे फार मोक्याच्या वेळी उपयोगी पडला.

गिरींद्रशेखर लहानपणापासून जादूच्या खेळांचे वेडे होते. हातचलाखी, नजरबंदी आणि संमोहन यांचा त्यांनी विद्यार्थिदशेतच अभ्यास केला. जादूगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. समोरचा माणूस जे पाहतो असे त्याला वाटते, ते तो पाहत नसतो; आणि जे त्याच्या डोळ्यांसमोर घडते ते त्याच्या लक्षातच येत नाही. पुढे ज्या शास्त्रात त्यांनी आयुष्य घालवले त्याची मुळाक्षरे त्यांनी जादूच्या पेटीतून उचलली, असे मला वाटते.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि १९१० साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. वय अवघे तेवीस. व्यवसाय सुरू केला आणि तो चांगला चालू लागला. परंतु दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांपैकी काही रोगी असे की ज्यांना औषध लागू पडत नसे, कारण त्यांच्या शरीरात औषध लागू पडावे असे काही सापडतच नसे. कोणाला झटके येत, कोणाला छातीत धडधडे, कोणी दिवसातून पन्नास वेळा हात धुवी. असे रोगी तेव्हाच्या डॉक्टरांना नकोसे असत. शक्तिवर्धक औषधाची बाटली द्यायची, हवापालट करायला सांगायचे आणि पाठवणी करायची, हा रिवाज. बोसांनी अशा रोग्यांवर प्रथम संमोहनाचा प्रयोग केला. गुण येई, पण टिकत नसे. मग त्यांनी रोग्याला झोपवण्याऐवजी बोलते करण्यास सुरुवात केली.

त्याच सुमारास दूर व्हिएन्ना शहरात सिग्मंड फ्रॉइड हेच करीत होते. फ्रॉइड यांच्याविषयी त्रोटक माहिती इंग्रजी नियतकालिकांतून कलकत्त्यापर्यंत येत असे. त्यांचे ग्रंथ मात्र जर्मन भाषेत, आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे हळूहळू पोहोचली. ती हाती आली तोवर बोसांनी आपली पद्धत बरीचशी स्वतःच्या अनुभवावर बसवली होती. माणूस जी इच्छा स्वतःपाशीही कबूल करू शकत नाही ती मनाच्या तळाशी दाबून टाकतो, आणि दाबलेली इच्छा आजाराचे रूप घेऊन वर येते, हा तो विचार. दोघे दोन खंडांत, दोन भाषांत, एकमेकांना न भेटता त्याच ठिकाणी येऊन पोहोचले होते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग निघाला. भारतातला हा पहिला. विभागप्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त अमेरिकेत हार्वर्ड येथे शिकून आलेले. बोस तेव्हा चांगली कमाई असलेले, संसारी डॉक्टर होते. तरीही ते विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसले. १९१७ साली ते मानसशास्त्रात एम्. ए. झाले आणि त्याच विभागात शिकवू लागले. डॉक्टरकीची पदवी असताना त्यांना याची गरज काय होती? गरज अशी की, वैद्यकशास्त्र त्यांना शरीर शिकवीत होते, मन शिकवीत नव्हते. आणि विद्यापीठातले मानसशास्त्र मन शिकवीत होते, पण तेथे आजारी माणूस नव्हता. होती ती घड्याळे, दोलक, रंगांच्या तबकड्या. ही दोन टोके एकत्र बांधणारा आपल्या देशातील पहिला माणूस म्हणजे बोस.

या संदर्भात कन्नड विभागाच्या वाचकांसाठी एक माहिती सांगायला हवी. कलकत्त्याच्या या अभ्यासक्रमाचा मूळ आराखडा ज्या ब्रजेंद्रनाथ सील यांनी तयार केला, तेच पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांच्याच काळात १९२४ साली म्हैसूरला मानसशास्त्राचा विभाग निघाला. तेथील प्राध्यापक एम्. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसुरातील आपल्या राहत्या घरातून एक नभोवाणी केंद्र चालवले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचे! मानसशास्त्राच्या प्राध्यापकांची ही पिढी एकंदरीत गमतीची होती. एकाला जादूचा नाद, दुसऱ्याला रेडिओचा. असो.

‘दमनाची संकल्पना’ या विषयावर प्रबंध लिहून बोसांनी १९२१ साली विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी मिळवली. मानसशास्त्रातली ही भारतातील पहिली डॉक्टरेट. प्रबंध पुस्तकरूपाने निघाल्यावर त्यांनी एक प्रत फ्रॉइडना पाठवली. आपल्या विचाराची दखल हिंदुस्थानात, तीही एवढ्या समजुतीने घेतली जावी याचे फ्रॉइडना मोठे नवल वाटले, आणि तेथून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तो १९३७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे चालला. भेट मात्र कधीच झाली नाही.

या पत्रव्यवहारातली एक हकिगत फार मजेदार आहे. फ्रॉइड दिसतात कसे हे कलकत्त्यात कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा जतींद्रकुमार सेन या चित्रकाराने – परशुरामांच्या कथांना चित्रे काढणारे ते हेच – फ्रॉइड यांचे एक काल्पनिक व्यक्तिचित्र रेखाटले आणि बोसांनी ते व्हिएन्नाला धाडले. फ्रॉइडनी उलट आपला खरा फोटो पाठवला. चित्रातला माणूस आपल्यापेक्षा एखाद्या इंग्रजासारखाच अधिक दिसतो, असे त्यांनी आपल्या एका स्नेह्यांना कळवले म्हणतात. परतंत्र देशातल्या चित्रकाराने मोठ्या माणसाचे चित्र मनाने काढायला घ्यावे आणि कागदावर साहेब उमटावा! मनोविश्लेषण म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मला तरी सुचत नाही.

१९२२ साली बोसांनी कलकत्त्यात पारशीबागान लेनमधल्या १४ क्रमांकाच्या आपल्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. आरंभीचे सभासद पंधरा. त्यांत मानसशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते, लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते आणि दोघे इंग्रज अधिकारीही होते. संस्थेला लगोलग आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. पॅरिसला अशी संस्था निघाली १९२६ साली. म्हणजे कलकत्ता पॅरिसच्या चार वर्षे पुढे. पंधरा माणसांची संस्था, स्वतःची इमारत नाही, बैठक घरातल्या दिवाणखान्यात. तरी तिचे अध्यक्षपद बोसांनी शेवटपर्यंत, एकतीस वर्षे सांभाळले.

बोसांचा स्वतःचा सिद्धांत काय होता तो थोडक्यात सांगतो. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या उलट इच्छाही माणसाच्या मनात जन्मते, असे त्यांचे म्हणणे. मारावेसे वाटले की मार खावासा वाटणेही मनात कोठेतरी असते. प्रेम करण्याच्या इच्छेमागे प्रेम करवून घेण्याची इच्छा असते. यांतली एक वर राहते, दुसरी खाली दबते, आणि दबलेलीचा त्रास होतो. रोग्याने कल्पनेने दुसऱ्या बाजूला जाऊन बसावे, पुन्हा पहिल्या बाजूला यावे, असे फळीच्या झोक्यासारखे वरखाली करीत राहावे, म्हणजे दोन्ही इच्छा उजेडात येतात. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला हे समजायला अडचण पडू नये. आपली द्विनोंदी पद्धत याहून वेगळे काय सांगते? कोणतीही रक्कम एका खात्यावर नावे टाकली की ती दुसऱ्या कोठेतरी जमा असलीच पाहिजे. एकच बाजू लिहून वही बंद केली तर तेरीज जुळत नाही, आणि फरक सापडेपर्यंत कारकुनाला झोप लागत नाही. फ्रॉइडना मात्र ही द्विनोंद पटली नाही. त्यांनी आदराने वाचले, शंका काढल्या आणि आपल्या मताला धरून राहिले. बोसही आपल्या मताला धरून राहिले. गुरूने मान हलवली नाही म्हणून त्यांनी सिद्धांत मागे घेतला नाही, याचे मला कौतुक वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. रोग्याचे मन हाताळणारा माणूस तयार कसा करायचा? सर्जन तयार करायचा तर प्रेतावर हात बसवता येतो. मनाचे तसे नाही. पुस्तक वाचून पास झालेला मुलगा समोर रडणाऱ्या बाईपुढे बसवला तर तो घाबरतो, नाहीतर उपदेश करू लागतो. आणि दोन्हींनी रोग्याचे नुकसानच होते. अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले, तेव्हापासून या प्रश्नाला एक उत्तर मिळत गेले : विद्यार्थ्याने शिकायचे ते रोग्याच्या सान्निध्यात, आणि जाणत्याच्या नजरेखाली. मनोविश्लेषणवाल्यांनी त्यात आणखी एक अट घातली. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याआधी शिकाऱ्याने स्वतः रोग्याच्या जागी झोपून आपल्या मनाची झडती देऊन यायचे. बोसांच्या संस्थेत जे जे तयार झाले ते याच वाटेने. विद्यापीठात एम्. ए., मग स्वतःचे विश्लेषण, मग देखरेखीखाली रोगी. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी सुहृत्चंद्र मित्र आणि तरुणचंद्र सिन्हा ही नावे पुढे मोठी झाली.

पण विद्यार्थ्याला शिकण्यासाठी रोगी आणायचे कोठून? त्या काळी मनाच्या रोग्यासाठी जागा एकच, वेड्यांचे इस्पितळ. १९१२ च्या कायद्याने तेथे भरती व्हायचे तर बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. उंच भिंती, कुलपे, आणि आत गेलेला माणूस परत येईल याची खात्री नाही. भिंतीबाहेरच्या ज्या हजारो लोकांना झोप लागत नाही, ज्यांना अंगात काही नसताना पक्षाघात होतो, ज्यांना उदासीने अन्न गोड लागत नाही, त्यांनी जावे कोठे?

बोसांनी याचे उत्तर १ मे १९३३ रोजी दिले. कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, जे आज आर. जी. कर मेडिकल कॉलेज म्हणून ओळखले जाते, त्यांनी मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयात असा विभाग उघडण्याची ही देशातील पहिली वेळ. ताप, खोकला, मोडलेला हात यांच्या रांगेशेजारीच मनाची रांग. कोणाचा हुकूम नको, भरती नको. रोग्याने यायचे, बोलायचे, घरी जायचे. मुंबईला जे. जे. रुग्णालयात अशीच सोय डॉ. मसाणी यांनी १९३८ साली केली. आज आपण हॉस्पिटलच्या पाटीवर मानसोपचार विभागाचे नाव वाचतो आणि पुढे जातो. पण मोठ्या रुग्णालयाच्या आत, इतर आजारांच्या शेजारी, त्या विभागाला खोली मिळणे ही काही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे.

येथे मला घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या नात्यात एक काकू आहेत. निपाणीतल्या शेकडो बायकांप्रमाणे त्यांनी उभे आयुष्य विड्या वळण्यात घालवले. तीन वर्षांपूर्वी एके सकाळी त्यांच्या उजव्या हाताची बोटे मिटली ती उघडेनात. विडी वळणाऱ्या बाईची बोटे म्हणजे तिचे भांडवल. दोन-तीन दवाखाने झाले, मेंदूचा फोटो झाला, शिरांची तपासणी झाली. प्रत्येक कागदावर सारे ठीक असल्याचे लिहिलेले आणि बोटे मिटलेलीच. एका मोठ्या रुग्णालयात तर काकू सोंग करतात असे त्यांच्या तोंडावर सांगण्यात आले. घरात मग देवाचे झाले, वाडीला दत्ताच्या पायांवर घालून झाले, पौर्णिमा झाल्या. शेवटी दुसऱ्या एका रुग्णालयात एका न्यूरॉलॉजिस्टने त्यांना शेजारच्या खोलीतील मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले. बाई शिकलेल्या, शांत, पाऊण तास ऐकणाऱ्या. पण त्यांना कन्नड आणि इंग्रजी येई, आणि काकूंना मराठीशिवाय काही येत नाही. मध्ये मी बसलो, दुभाष्या म्हणून. मी मराठी शाळेत शिकलो असलो तरी कन्नड मला बाजारात, क्रिकेटच्या मैदानावर आणि एस. टी. स्टँडवर मिळाली आहे. शब्द मला अडले नाहीत. पण काकू बोलेनात. पुतण्यासमोर बाई काय काय सांगणार? सासरचे, नवऱ्याचे, पोटात गेलेल्या मुलाचे! त्या माझ्याकडे बघत आणि पदर नीट करीत. बाईंच्या ते ध्यानात आले. त्यांनी मला बाहेर पाठवले आणि वॉर्डातल्या एका मराठी आयाला आत बोलावून घेतले. मी बाकावर तासभर बसलो होतो. आत काय झाले ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असायचे कारणही नाही. अशा पाच-सहा खेपा झाल्या. आता दोन बोटे उघडतात. काकू डाव्या हाताने भांडी घासतात. विडी अजून वळता येत नाही.

दुभाष्याला बाहेर घालवून आयाला आत घेणे, हे त्या बाईंना कोणत्या पुस्तकाने शिकवले असेल? मला वाटते पुस्तकाने नव्हे. वरिष्ठांच्या हाताखाली कितीतरी रोगी पाहिल्याने शिकवले असेल. आजार शरीराचा की मनाचा, की दोन्हींचा, शिवाय घरचा, पैशाचा आणि भाषेचा, असा गुंता जेथे असतो तेथे नुसता डॉक्टर पुरत नाही आणि नुसता एम्. ए. पुरत नाही.

भाषेचा हा प्रश्न बोसांना फार आधी कळला होता. ते प्रबंध इंग्रजीत लिहीत, फ्रॉइडना पत्रे इंग्रजीत लिहीत, पण त्यांच्या खोलीत रोगी बोलत तो बंगालीत. आजीच्या कडेवर ऐकलेल्या भाषेत जे दुखते ते दुसऱ्या भाषेत सांगायला गेले की अर्धे पुसून जाते. म्हणून त्यांनी या शास्त्राला बंगाली शब्द दिले. मनाच्या ज्या थरापर्यंत आपली जाणीव पोहोचत नाही त्याला त्यांनी ‘निर्ज्ञान’ म्हटले. मराठीत आपण नेणीव किंवा अबोध मन म्हणतो. स्वप्नांवर त्यांनी सामान्य वाचकांसाठी बंगालीत पुस्तक लिहिले, गीतेवर मानसशास्त्राच्या अंगाने भाष्य लिहिले, पुराणांच्या कालगणनेवर ‘पुराणप्रवेश’ हा ग्रंथ लिहिला, आणि मुलांसाठी ‘लाल कालो’ ही तांबड्या-काळ्या मुंग्यांच्या लढाईची गोष्ट लिहिली. डॉक्टर, प्राध्यापक, पुराणांचा अभ्यासक आणि मुंग्यांचा गोष्टीवेल्हाळ! आपल्या सीमाभागात तर घरी एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. येथे मन शिकवायचे तर मराठी, कन्नड दोन्हींत शिकवावे लागेल. दोन विभागांचे हे आपले मासिक जर छापता येते, तर तेही अशक्य नसावे.

बाह्यरुग्ण विभाग झाला तरी काही रोग्यांना आठवडेच्या आठवडे जवळ ठेवून घेणे भाग असे. त्यासाठी मनोविश्लेषण संस्थेने १९४० साली कलकत्त्याच्या तिलजला भागात ‘लुंबिनी पार्क’ हे रुग्णालय काढले. जागा आणि घर दिले राजशेखरांनी. सुरुवात झाली तीन खाटांवर. हे वाचून मला आमच्या पुस्तकातील भांडवल उभारणीचे धडे आठवले. भाग नाहीत, कर्ज नाही, सरकारी अनुदान नाही. विनोदी लेखक असलेल्या कारखानदार भावाचे घर आणि तीन खाटा. तरुणचंद्र सिन्हा यांनी पुढे या रुग्णालयासाठी फार कष्ट घेतले. विद्यार्थ्यांना शिकायला आता विद्यापीठाची प्रयोगशाळा होती, मेडिकल कॉलेजचा बाह्यरुग्ण विभाग होता आणि राहते रोगी असलेले रुग्णालयही होते. एका माणसाच्या हयातीत हे तिन्ही झाले.

सेनगुप्त कलकत्ता सोडून गेल्यावर १९२९ च्या सुमारास विद्यापीठातील विभागाची धुरा बोसांकडे आली. उपयोजित मानसशास्त्राचा जो विभाग मी सुरुवातीला सांगितला तो त्यांच्याच कारकिर्दीतला. १९३८ च्या आरंभी भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठी युरोपातील मोठमोठे मानसशास्त्रज्ञ कलकत्त्यास आले होते, त्यांत स्वित्झर्लंडचे कार्ल युंग होते. युंगसाहेबांचे बरेच दिवस मात्र पोट बिघडून कलकत्त्याच्या इस्पितळात गेले. फ्रॉइडपासून फुटून निघालेला शिष्य आणि फ्रॉइडचे चित्र मनाने काढवून घेणारे बोस एकाच शहरात, एकाच वेळी. नाटककाराला यात एक चांगला अंक सापडेल.

बोसांच्या कामात उणिवा नव्हत्या असे नाही. त्यांच्याभोवती जे लोक जमले त्यांचे ते शिक्षक, त्यांचे विश्लेषक आणि त्यांच्या संस्थेचे अध्यक्षही. ज्याने तुमच्या मनातले सारे ऐकले आहे त्याच्याशी सभेत मतभेद कसे करणार? त्यामुळे पारशीबागानमध्ये वाद फारसे झाले नाहीत आणि त्यांच्या सिद्धांताची घासूनपुसून परीक्षाही झाली नाही. आपल्याकडे गुरूला प्रश्न विचारायची सवय कमी, हेही एक कारण असेल. शिवाय स्वतः बोसांचे विश्लेषण करायला देशात कोणी नव्हते. ज्या परीक्षेला त्यांनी इतरांना बसवले तिला ते स्वतः बसलेले नव्हते. आणि खासगी दवाखान्यात येणारे त्यांचे रोगी बहुतेक सुशिक्षित बंगाली मध्यमवर्गातले होते. रोज एक तास, महिनोन्‌महिने पडून बोलायला वेळ आणि पैसा लागतो. विडी वळणाऱ्या बाईला तो कोठून मिळणार? म्हणूनच मला त्यांच्या सिद्धांतापेक्षा त्यांचा बाह्यरुग्ण विभाग मोठा वाटतो. प्राध्यापक मंडळींचे मत कदाचित उलट असेल.

१९३१ साली फ्रॉइड यांना पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा संस्थेने त्यांना हस्तिदंती विष्णुमूर्ती पाठवली. फ्रॉइडना जुन्या मूर्तींचा षोक होता. ही नवी मूर्ती त्यांनी लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. पुढे तिला तडे जाऊ लागले, तेव्हा कलकत्त्याच्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, अशी शंका त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवली. नाझींच्या भयाने १९३८ साली फ्रॉइड लंडनला गेले तेव्हा मूर्तीही त्यांच्याबरोबर गेली. लंडनमधील त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि विष्णू तेथेच आहे.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला आणि मनाचे आरोग्य सांभाळणारी माणसे तयार करण्यासाठी संस्था काढावी असे सुचवले. ती संस्था १९५४ साली बंगळूरला निघाली आणि पुढच्याच वर्षी तेथे मानसशास्त्राच्या एम्. ए. झालेल्यांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. कलकत्त्यात एका घराच्या दिवाणखान्यात जे शिक्षण चालत होते ते आता सरकारी संस्थेत, नेमून दिलेल्या अभ्यासक्रमानुसार, रुग्णालयात काम करता करता मिळू लागले. रोग्याची हकिगत कशी घ्यायची, चाचण्या कोणत्या वापरायच्या, डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांच्या बरोबरीने एकाच रोग्याचा विचार कसा करायचा, असा सारा तो अभ्यास. पुढे पदविकेची एम्. फिल. झाली, १९७४ साली संस्थेची निम्हान्स झाली, आणि १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नावे नोंदली जाऊ लागली. आपल्याजवळचे धारवाड घ्या. तेथील वेड्यांचे इस्पितळ १८४५ सालचे, निपाणी आणि धारवाड दोन्ही मुंबई इलाख्यात होते तेव्हाचे. आमच्या आजोबांच्या पिढीत कोणाला धारवाडला पाठवायचे म्हणणे ही शिवी होती. त्याच आवारात आज मानसिक आरोग्य शिकवणारी संस्था उभी आहे. शिवी मात्र पुरती गेलेली नाही.

बंगळूरची संस्था पाहायला बोस राहिले नाहीत. ३ जून १९५३ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. शेवटची काही वर्षे विद्यापीठातून निवृत्त झाल्यावरही ते संस्थेचे काम पाहत होते; १९४७ साली त्यांनी ‘समीक्षा’ हे संस्थेचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले होते. त्यांच्यामागे सुहृत्चंद्र मित्र आणि तरुणचंद्र सिन्हा यांच्यासारख्या शिष्यांनी काम पुढे चालवले. पारशीबागान लेनमधल्या बैठका होत राहिल्या, ‘समीक्षा’ निघत राहिली, आणि लुंबिनी पार्कमधल्या खाटा तीनाच्या कितीतरी अधिक झाल्या.